महामारीतील परदेश प्रवास : २०२० ते २०२३ चे नियम, अडचणी आणि पुढच्यासाठी काही नोंदी

आपल्या गुंजी परिसरात, खानापूर तालुक्यात आणि एकूणच बेळगाव-निपाणी सीमाभागात घरातले एखादे माणूस बाहेरगावी नोकरीला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. कुणी पुण्या-मुंबईत, कुणी गोव्यात, कुणी दुबई-कुवेतला, कुणी जहाजावर, तर कुणाची मुले शिक्षणासाठी इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा या सर्व घरांची झोप उडाली. पुढची दोन-तीन वर्षे नियम इतक्या वेळा बदलले की आज कुणाला विचारले तर एका वर्षाचा नियम दुसऱ्या वर्षात सांगितला जातो.

बँकेतल्या नोकरीमुळे कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तिकिटाचे पैसे परत मिळाले का, एनआरई खात्याचे काय करायचे, लसीच्या दाखल्यावर पासपोर्ट नंबर कसा घालायचा, असे प्रश्न घेऊन मंडळी येत असत. त्यामुळे आपल्या सभासदांसाठी या काळाची एकत्र, तारीखवार नोंद असावी असे वाटले. यातले प्रवासाचे बहुतेक नियम आता रद्द झाले आहेत. आज प्रवास करणाऱ्याने त्या त्या देशाचे चालू नियम पाहावेत. पण असा प्रसंग पुन्हा आला तर कशाची तयारी हवी, हे यातून कळेल.

१. विमाने कधी थांबली, कधी सुरू झाली

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले. २२ मार्चपासून परदेशातून भारतात येणारी नियमित प्रवासी विमाने बंद झाली. तोच जनता कर्फ्यूचा दिवस. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर लॉकडाऊन लागला आणि देशांतर्गत विमानेही थांबली. देशांतर्गत विमाने २५ मे २०२० पासून हळूहळू सुरू झाली. आंतरराष्ट्रीय नियमित सेवा मात्र थेट २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. म्हणजे बंदी एका आठवड्यासाठी म्हणून लागली आणि मुदतवाढ मिळत मिळत दोन वर्षे चालली.

या दोन वर्षांत परदेश प्रवास अगदीच बंद होता असे नाही. तो तीन मार्गांनी होत होता : ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने, ‘एअर बबल’ करारांखालची विमाने आणि कंपन्यांनी किंवा संस्थांनी ठरवलेली खास चार्टर विमाने. माल वाहतूक पहिल्यापासून चालू होती.

२. वंदे भारत मोहीम

लॉकडाऊननंतर सहा आठवड्यांनी, ७ मे २०२० रोजी वंदे भारत मोहीम सुरू झाली. पहिल्या दिवशी एअर इंडिया एक्स्प्रेसची दोन विमाने आली, एक अबुधाबीहून कोचीला आणि दुसरे दुबईहून कोझिकोडला. पहिल्या टप्प्यात १२ देशांतून ६४ विमानांनी सुमारे १५ हजार लोकांना आणण्याचे ठरले. त्याच वेळी नौदलाने ‘समुद्र सेतू’ मोहीम हाती घेतली. ‘आयएनएस जलाश्व’ ही नौका मालदीवमधील माले येथून ६९८ भारतीयांना घेऊन १० मे रोजी कोचीला पोहोचली.

मोहिमेचे विमान म्हणजे फुकट विमान, असा अनेकांचा समज होता. तसे नव्हते. भाडे प्रवाशानेच भरायचे होते. सुरुवातीला सरकारने जाहीर केलेले भाडे लंडन-मुंबईसाठी ५० हजार रुपये, अमेरिकेतून येण्यासाठी सुमारे १ लाख आणि आखातातून साधारण १५ हजारांच्या आसपास होते. उतरल्यावर विलगीकरणाचा खर्चही बहुधा स्वतःचाच.

जागा मिळण्याची पद्धत अशी होती. आधी त्या देशातील भारतीय वकिलातीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे. वकिलात यादी लावायची. नोकरी गेलेले कामगार, गरोदर स्त्रिया, वृद्ध, आजारी, व्हिसा संपलेले, घरात मृत्यू झालेले आणि वसतिगृहे बंद झाल्याने अडकलेले विद्यार्थी यांना प्राधान्य होते. यादीत नाव आले की मगच तिकीट. ज्यांनी पहिल्याच दिवशी नोंदणी केली आणि अर्जात कारण स्पष्ट लिहिले, त्यांची बाजू भक्कम राहत असे. अर्जात मोघम लिहू नये, हा बँकेतला जुना नियम इथेही लागू पडतो.

मोठ्या वयाच्या सभासदांना १९९० ची कुवेतची गोष्ट आठवत असेल. इराकने कुवेतचा ताबा घेतल्यावर एअर इंडियाने जॉर्डनमधील अम्मानहून मुंबईपर्यंत विमाने चालवून १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना आणले होते. तेव्हा भीती युद्धाची होती. २०२० मध्ये फरक असा होता की सुटका झालेल्या माणसाचीच गावाला धास्ती वाटत होती.

या मोहिमेने बळीही घेतले. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून कोझिकोडला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मुसळधार पावसात धावपट्टीवर बरेच पुढे टेकले आणि टेबलटॉप धावपट्टीच्या टोकावरून खाली घसरून त्याचे तुकडे झाले. विमानात १९० जण होते. त्यांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलाचे निवृत्त विंग कमांडर, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले मराठी अधिकारी. त्यांचे आईवडील नागपुरात राहत. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी रोगाची पर्वा न करता, भर पावसात जखमींना बाहेर काढून मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात नेले. नंतर त्यांतील अनेकांना विलगीकरणात राहावे लागले. महामारीच्या इतिहासात ही नोंद राहिली पाहिजे.

३. एअर बबल आणि कामावर परत जाणारे

जुलै २०२० पासून भारताने एकेका देशाशी एअर बबल करार केले. सुरुवातीला अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनी, पुढे ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती असे बरेच देश आले. करार झालेल्या दोन देशांच्या विमान कंपन्यांनी ठरावीक फेऱ्या करायच्या, असे त्याचे स्वरूप. वंदे भारतचा भर अडकलेल्यांना घरी आणण्यावर होता. बबलमुळे दोन्ही बाजूंची ये-जा सुरळीत होऊ लागली.

आपल्या भागातल्या नोकरदारांना खरा फटका बसला तो येताना नव्हे, परत जाताना. सुट्टीवर आलेला माणूस इथे अडकला आणि तिकडे नोकरीची, व्हिसाची मुदत पळू लागली. अमिरातीचा निवासी परवानाधारक सलग सहा महिने देशाबाहेर राहिला तर परवाना रद्द होतो, हा तिथला साधारण नियम. महामारीत वेळोवेळी सवलती मिळाल्या, पण प्रत्येक वेळी परवानगीचा अर्ज नव्याने करावा लागे.

दुसऱ्या लाटेत परिस्थिती आणखी बिकट झाली. अमिरातीने २४ एप्रिल २०२१ च्या मध्यरात्रीपासून भारतातून येणाऱ्यांना बंदी केली. ५ ऑगस्टपासून ती अंशतः उठली, तीही आधी अमिरातीतच लसीचे दोन्ही डोस घेतलेल्या निवासी परवानाधारकांसाठी. त्यांनाही निघण्याआधी ४८ तासांतली आरटी-पीसीआर आणि शिवाय विमानतळावर तातडीची पीसीआर चाचणी सक्तीची होती. या मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत कित्येक भारतीय कामगार आर्मेनियासारख्या तिसऱ्या देशात १४ दिवस राहून तिथून दुबईला गेले. कुवेतला जाणारे त्याआधी दुबईत १४ दिवस काढत. फेब्रुवारी २०२१ मध्ये कुवेतने परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केल्यावर दुबईत थांबलेले अनेक जण ना पुढे ना मागे असे अडकले. एजंटाने ‘पॅकेज’ म्हणून घेतलेले पैसे, हॉटेलचा मुक्काम, दोन-दोन चाचण्या, असा हा खर्च कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा होई. काहींनी तो दागिने गहाण ठेवून उभा केला.

इतर देशांचे थोडक्यात असे :

ब्रिटन : २३ एप्रिल २०२१ रोजी भारत ‘रेड लिस्ट’मध्ये गेला. तिथल्या नागरिकांना व निवासींनाच प्रवेश, तोही १० दिवस हॉटेलात राहून. त्याचे शुल्क माणशी १७५० पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख ८० हजार रुपये. ८ ऑगस्ट २०२१ रोजी भारत या यादीतून बाहेर आला. पुढे भारतीय लसीकरणाच्या दाखल्यावरून वाद झाला आणि ११ ऑक्टोबरपासून कोविशिल्डचा दाखला तिथे मान्य झाला.

अमेरिका : ४ मे २०२१ पासून भारतातून थेट येणाऱ्या बहुतेक बिगर-नागरिकांना बंदी होती. ८ नोव्हेंबर २०२१ पासून पूर्ण लस घेतलेल्यांना प्रवेश मिळू लागला.

ऑस्ट्रेलिया : मार्च २०२० च्या अखेरपासून हॉटेल विलगीकरण सक्तीचे होते. ३ ते १५ मे २०२१ या काळात तर भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही बंदी आणि मोडल्यास दंड व कैद, असा आदेश होता. १ नोव्हेंबर २०२१ पासून सीमा टप्प्याटप्प्याने उघडली.

मुलगा-सून ऑस्ट्रेलियात आणि आईवडील गावात, अशा घरांनी दीड-दोन वर्षे एकमेकांना फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. नातवंडांची बारशी पडद्यावर झाली आणि काही ठिकाणी तेरावेही.

४. चाचणी, अर्ज, विलगीकरण

भारतात येणाऱ्यांसाठीचे नियम कसे बदलत गेले ते क्रमाने पाहू.

मे २०२० च्या सुरुवातीला : उतरल्यावर १४ दिवस संस्थात्मक विलगीकरण.

२४ मे २०२० पासून : ७ दिवस स्वखर्चाने संस्थात्मक आणि पुढचे ७ दिवस घरी.

८ ऑगस्ट २०२० पासून : प्रवासाआधी ऑनलाइन स्वयंघोषणा. यालाच पुढे ‘एअर सुविधा’ म्हणू लागले. प्रवासाआधी ९६ तासांतली निगेटिव्ह आरटी-पीसीआर असेल तर संस्थात्मक विलगीकरणातून सूट. गरोदर स्त्रिया, घरात मृत्यू, गंभीर आजार आणि दहा वर्षांखालील मुलांसह आलेले पालक यांनाही सूट मागता येत होती.

डिसेंबर २०२० : ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्याने तिथली विमाने २३ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंद.

२२ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून : सर्वांना ७२ तासांतली निगेटिव्ह आरटी-पीसीआर सक्तीची. अपवाद फक्त घरातील मृत्यूचा, आणि त्यासाठीही अर्ज किमान ७२ तास आधी करण्याची अट. मरण काही तीन दिवस आधी कळवून येत नाही. ही अट लिहिणाऱ्याने तो विचार केला नसावा.

१ डिसेंबर २०२१ पासून : ओमायक्रॉनमुळे ‘जोखमीच्या’ देशांतून येणाऱ्यांची विमानतळावर चाचणी आणि निकाल येईपर्यंत तिथेच थांबणे.

१४ फेब्रुवारी २०२२ पासून : सक्तीच्या विलगीकरणाऐवजी १४ दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष. मान्यता असलेल्या देशांचा लसीचा दाखला चाचणीऐवजी चालू लागला.

२२ नोव्हेंबर २०२२ पासून : एअर सुविधा अर्ज बंद. पुढे १ जानेवारी २०२३ पासून चीन, जपान, थायलंड अशा सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना काही आठवडे पुन्हा चाचणी लागू झाली होती. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.

चाचणीचे तास कशापासून मोजायचे, हा घोटाळ्याचा मुद्दा होता. काही देश नमुना घेतल्याची वेळ धरत, काही निकालाची. विमान एका ठिकाणी बदलायचे असेल तर काही कंपन्या पहिल्या विमानाची वेळ धरत, काही शेवटच्या. दाखल्यावर क्यूआर कोड नसेल, किंवा नाव पासपोर्टप्रमाणे नसेल, तर काउंटरवरूनच माणूस परत पाठवला जाई. आपल्याकडे दाखल्यांवर कधी वडिलांचे नाव मध्ये असते, कधी नसते, कधी आडनाव आधी येते. त्यामुळे हा त्रास आपल्या लोकांना जास्त झाला.

लसीबाबत एक सवलत फार उपयोगी पडली. १३ मे २०२१ रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे केले गेले. परदेशी शिक्षण किंवा नोकरीसाठी जाणाऱ्यांचे त्यामुळे अडले असते. म्हणून ७ जून २०२१ च्या आदेशाने अशांना, तसेच टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांना, २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा मिळाली आणि दाखल्यावर पासपोर्ट नंबर घालण्याची सोय झाली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना मात्र जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळेपर्यंत थांबावे लागले.

५. विमानतळापासून गुंजीपर्यंत

सीमाभागातल्या माणसासाठी विमान उतरले म्हणजे प्रवास संपला, असे झाले नाही. आपल्या सांबऱ्याहून परदेशी विमाने नाहीत. त्यामुळे मुंबई, दाभोळी, बेंगळूरु किंवा मंगळूरु हेच पर्याय. (मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला.) मुंबईत उतरावे तर महाराष्ट्राचे नियम, मग सुमारे पाचशे किलोमीटर रस्ता आणि निपाणीजवळ कोगनोळीला कर्नाटकाची तपासणी. दाभोळीत उतरावे तर गोव्याचे नियम, मग मोले-अनमोड घाट चढून रामनगर-लोंढ्यामार्गे कर्नाटकाचे नियम. एका प्रवासाला दोन राज्ये आणि केंद्र असे तीन मालक होते.

१८ मे २०२० रोजी कर्नाटकाने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. नंतर ‘सेवा सिंधू’वर नोंदणी करून प्रवेश मिळू लागला, पण महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे विलगीकरण इतरांपेक्षा कडक होते. मुंबईत उतरलेला माणूस ‘परदेशातून आलेला’ आणि ‘महाराष्ट्रातून आलेला’ अशा दोन्ही नियमांत सापडू शकत होता. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून कर्नाटकात येण्यासाठी ७२ तासांतली आरटी-पीसीआर मागितली जाऊ लागली आणि कोगनोळी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यानेही प्रवेशासाठी निगेटिव्ह दाखला सक्तीचा केला.

ज्यांची सोयरीक कागल, गडहिंग्लज, चंदगडला आणि रोजचा व्यवहार बेळगाव-खानापूरला, त्यांच्यासाठी ही सीमा म्हणजे एरवी नकाशावरची रेघ. त्या दोन वर्षांत तिच्यावर बॅरिकेड आले. मग परदेशातून आलेल्या मुलाला न्यायला जाणारी गाडी कुठपर्यंत जाऊ शकते, चालकालाही चाचणी लागेल का, पास कोणत्या राज्याचा, हे प्रश्न विमानाच्या तिकिटापेक्षा अवघड ठरले.

गावात पोहोचल्यावरचा भाग कायद्यात लिहिलेला नव्हता. हातावर शिक्का असलेला माणूस घरी आला की शेजारी दार लावून घेत. घरच्यांना दुकानात वेगळे उभे राहावे लागे. त्याच गावात कुणीतरी रोज संध्याकाळी उंबऱ्यावर डबा ठेवून जाई, हेही तितकेच खरे. माउली देवीच्या दर्शनाला गेल्याशिवाय गावात आल्यासारखे न वाटणाऱ्या माणसांनी चौदा दिवस माडीवरच्या खोलीतून हात जोडले.

६. विमानात काय होते

लोकांना सर्वांत जास्त भीती विमानात बसण्याची वाटे. प्रत्यक्षात विमानातली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि हेपा गाळण्यांतून जाते. हे गाळणे अगदी सूक्ष्म कणही ९९.९७ टक्के अडवते. जास्त धोका होता तो रांगेत, बसमध्ये, शौचालयाबाहेर आणि मास्क काढून जेवताना. मधली जागा रिकामी ठेवण्याचा वाद मे-जून २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर मधल्या जागेवर बसवायचे झाल्यास त्या प्रवाशाला अंगभर गाऊन द्यावा, असे ठरले. म्हणून त्या वर्षीच्या फोटोंत मधला प्रवासी डॉक्टरसारखा दिसतो.

७. तिकिटाचे पैसे, कर आणि खाती

तिकिटाचा परतावा : विमाने बंद झाल्यावर कंपन्यांनी रोख परतावा न देता ‘क्रेडिट शेल’ दिले. प्रवाशांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. लॉकडाऊनच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे द्यायचे होते. इतर रद्द तिकिटांचा परतावा १५ दिवसांत द्यायचा होता. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल देता येत होते, पण त्यावर ३० जून २०२० पर्यंत महिना अर्धा टक्का आणि पुढे महिना पाऊण टक्का वाढ देणे बंधनकारक होते. शेल दुसऱ्याच्या नावे करता येत होते आणि न वापरल्यास मुदतीनंतर रोख परत करायचे होते.

उदाहरणार्थ, २० हजारांचे तिकीट १ एप्रिल २०२० ला रद्द झाले असेल तर पहिल्या तीन महिन्यांचे ३०० आणि पुढच्या नऊ महिन्यांचे १३५०, म्हणजे एकूण २१ हजार ६५० रुपये. तिकीट एजंटामार्फत काढले असेल तर परतावा एजंटाकडे जात असे. पावती नसलेल्यांचे पैसे तिथेच अडकले.

आयकर : अनिवासी भारतीय वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तर तो साधारणपणे निवासी ठरतो. अडकलेल्यांसाठी प्रत्यक्ष कर मंडळाने ८ मे २०२० च्या परिपत्रकाने २२ ते ३१ मार्च २०२० हे दिवस न धरण्याची सवलत दिली. पण पुढच्या वर्षासाठी, म्हणजे २०२०-२१ साठी, सरसकट सवलत मिळाली नाही. ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकात दुहेरी कर बसत असल्यास माहिती कळवायला सांगितले होते. तेव्हा पासपोर्टवरील शिक्क्यांप्रमाणे दिवस मोजून ठेवणे हे आपलेच काम आहे.

एनआरई खाते : नोकरी सुटून जे कायमचे परत आले, त्यांनी बँकेला कळवून एनआरई खाते निवासी खात्यात किंवा आरएफसी खात्यात बदलून घ्यायचे असते. ठेव मुदतीपर्यंत ठरलेल्या व्याजाने चालू राहू शकते, पण व्याजावरची करमाफी अनिवासी असेपर्यंतच असते. ‘परत जाईन तेव्हा बघू’ म्हणून अनेक खाती तशीच राहिली. ज्यांची राहिली असतील त्यांनी आजही शाखेत जाऊन ती नीट करून घ्यावीत.

मुखत्यारपत्र : परदेशी असलेल्या मुलाला यायला जमत नसेल तर वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवता येते. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. जमिनीच्या आणि बँकेच्या कामांत हा मुद्दा नेहमी राहून जातो.

८. दुःखाचे प्रसंग

परदेशात मृत्यू झाला तर मृतदेह आणण्यासाठी स्थानिक मृत्यू दाखला, वकिलातीची नोंद व ना-हरकत, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद आणि शवसंलेपनाचा दाखला लागतो. एप्रिल २०२० मध्ये काही दिवस यातही गोंधळ झाला होता. नंतर केंद्राने परवानगी स्पष्ट केली, मात्र कोविडने मृत्यू झालेल्यांचे देह न आणण्याचीच शिफारस होती. त्यामुळे अनेकांवर अंत्यसंस्कार तिथेच झाले आणि घरी फक्त दाखला आला.

अडचणीत सापडलेल्यांसाठी वकिलातींकडे ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ असतो. तो २००९ पासून आहे. गरजूंचे तिकीट, तात्पुरता निवारा, मृतदेह पाठवण्याचा खर्च यासाठी तो वापरला जातो. तक्रार ‘मदद’ या संकेतस्थळावर नोंदवता येते. ईसीआर पासपोर्टवर आखातात जाणाऱ्या कामगारांचा ‘प्रवासी भारतीय बीमा योजने’त अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचा विमा असतो. तो घरच्यांना माहीत नसल्यामुळे मागितलाच जात नाही. आपल्या घरातला माणूस असा गेला असेल तर पॉलिसीची प्रत मागवून घ्या.

९. हे आधीही झाले आहे

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. २०२० मध्ये राज्यांनी वापरला तो हाच, १८९७ चा. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजे थांबवली गेली आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. प्लेग लवकरच आपल्या भागात, हुबळी-धारवाडपर्यंत पोहोचला. १८९८ मध्ये हुबळीत हाफकिन यांची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. टोचून घेतल्याचा दाखला असला की विलगीकरणातून सूट मिळे. लसीच्या दाखल्यावर प्रवास, ही कल्पना म्हणजे काही नवी नव्हे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतला प्लेगची बातमी आली तेव्हाही आखाती देशांसह अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली होती. ती अडचण काही आठवड्यांत मिटली. आणि पीतज्वराचा नियम तर आजही आहे. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांतून भारतात येणाऱ्याकडे लसीचे पिवळे कार्ड नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारने ठरवलेल्या केंद्रातच घ्यावी लागते आणि २०१६ पासून तिचा दाखला आयुष्यभर चालतो.

१०. घरात तयार ठेवायची फाईल

ज्या घरातले माणूस परदेशात आहे, त्या घरात पुढील कागद एका फाईलमध्ये असावेत. एक संच घरी आणि एक त्या माणसाजवळ.

१. पासपोर्ट, व्हिसा आणि निवासी परवान्याची झेरॉक्स, मुदतीच्या तारखा ठळक लिहून.
२. नोकरीचा करार, मालकाचा किंवा कंपनीचा पत्ता व फोन.
३. त्या देशातील भारतीय वकिलातीचा फोन. वकिलातीकडे आधीच नाव नोंदवलेले असावे.
४. लसीचे सर्व दाखले, पासपोर्टप्रमाणेच नाव असलेले. वेगळे असल्यास आत्ताच दुरुस्त करावे.
५. विमा पॉलिसी. प्रवास विम्यात महामारीचा खर्च येतो का, हे वाचून खूण करून ठेवावे.
६. तिकिटाची पावती, एजंटाचे लेखी बिल.
७. बँक खात्यांची यादी, प्रत्येकावर नॉमिनेशन आहे की नाही याची नोंद.
८. गरजेपुरते मुखत्यारपत्र. सर्व अधिकार देणारे नको, कामापुरते हवे.
९. घरातल्या वृद्धांच्या औषधांची यादी आणि आणीबाणीत धावून येईल अशा दोन माणसांचे फोन.
१०. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात, कुणाला न विचारता काढता येईल अशी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. २०२० मध्ये वकिलातीच्या यादीत नाव येऊनही तिकिटाचे पैसे वेळेत जमले नाहीत म्हणून मागे राहिलेले कामगार होते. पंधरा-वीस हजारांची सोय आधीच असती तर त्यांचे दोन महिने वाचले असते.

ज्या सभासदांना एनआरई खाते, नॉमिनेशन किंवा मुखत्यारपत्राबाबत अडचण असेल, त्यांनी मंडळाच्या बैठकीच्या दिवशी कागद घेऊन यावे. एकत्र बसून पाहता येईल. आणि ज्यांनी त्या काळात प्रवास केला असेल त्यांनी तारखेसह आपला अनुभव मंडळाकडे लिहून द्यावा, म्हणजे या नोंदीत भर घालता येईल.